नरपडच्या सुटीत एक 'सुटी'

समुद्र, सुरूचं बन, ताजे बोंबील... वीकएण्डला अजून काय पाहिजे? पण बॅगेतून ऑफिसची एक्सेल शीटही आली, आणि नरपडने माझीच शाळा घेतली!

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. या वेळी अंधेरी स्टेशनवर काय चित्र असतं, ते तुम्हाला सांगायला नको. सॅक पाठीवरून पोटावर घेतलेली, केस क्लचरमध्ये कोंबलेले आणि चेहऱ्यावर 'आज कोणाशीही भांडायला तयार आहे' असा टिपिकल भाव. फरक एवढाच, की आज मला बोरिवलीला उतरायचं नव्हतं. मी चालले होते थेट शेवटपर्यंत. डहाणू रोड!

बाकीची गँग शनिवारी सकाळी कारने येणार होती. "आमच्याबरोबरच चल ना, कशाला हाल करून घेतेस?" तिघांनीही विचारलं. पण माझा इगो मध्ये आला. कारण 'कार सोडा, बस-ट्रेन पकडा' हे सांगण्याचाच मला पगार मिळतो. वाहतूक नियोजनाच्या एका कन्सल्टन्सीत मी काम करते. सोमवारी सकाळी अकराला मला एक शीट द्यायची होती. विषय : मुंबईची सार्वजनिक वाहतूक किती शाश्वत आहे, ते मोजणे. शाश्वत म्हणजे काय, तर आज जे चाललंय ते उद्याही हवेला, खिशाला आणि माणसाला झेपेल का?

हे मोजायची तयार पद्धत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आशिया-पॅसिफिक आयोगाने, म्हणजे एस्कॅपने, त्यासाठी एक निर्देशांक बनवलाय. सस्टेनेबल अर्बन ट्रान्सपोर्ट इंडेक्स. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की त्याचा उच्चार होतो 'सुटी'! कोलंबो, जकार्ता, हनोई आणि काठमांडूत २०१७ मध्ये त्याची पहिली चाचणी झाली. पुढे आपल्या शेजारच्या सुरतेतही झाली, म्हणजे मी ज्या रुळांवर उभी होते त्याच रुळांवर पुढे.

तर मी सुटीवर निघाले होते आणि बॅगेत 'सुटी' होती. निघता निघता सरांचा मेल आला. 'उपनगरी रेल्वेच्या ओळीतला विरार ते डहाणू भाग काढून टाक. स्टडी एरियाच्या बाहेर आहे.' बरोबरच होतं म्हणा. मुंबई महापालिकेची हद्द दहिसरला संपते. एक ओळ सिलेक्ट करायची आणि डिलीट. दोन सेकंदांचं काम. म्हटलं, समुद्रावर बसून करू.

विरारच्या पुढे

डहाणू लोकलमध्ये विरारपर्यंत मुंबई असते. विरारला डबा रिकामा होतो, वारा आत येतो आणि बायका पहिल्यांदा मोकळेपणाने पाय सोडून बसतात. त्यानंतर वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड. चर्चगेटपासून १२४ किलोमीटर, त्यातले विरारच्या पुढचे ६४. सेकंड क्लासचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत. आपल्याकडे एका कॉफीत चौघं डहाणूला पोचतील!

चर्चगेटहून डहाणूपर्यंत लोकल धावायला लागली १६ एप्रिल २०१३ ला. त्याआधी विरारला उतरून शटलची वाट बघायची. लोकल आली आणि डहाणू एकदम 'मुंबईच्या लोकलच्या नकाशावर' आलं. नकाशावर येणं सोपं असतं. विरारच्या पुढे मात्र दोनच मार्ग. त्याच दोन मार्गांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल. त्यामुळे मनात आलं म्हणून कोणी लोकल वाढवू शकत नाही. चौपदरीकरण एमयूटीपी-३ मध्ये २०१६ साली मंजूर झालं. जाताना खिडकीतून मातीचे भराव आणि नव्या पुलांचे खांब दिसत होते.

वैतरणा आणि सफाळ्याच्या मधे गाडी खाडी ओलांडते. काळोखात खाली पाणी चमकतं आणि मधेच एका बेटावरचे दिवे दिसतात. ते वाढीव गाव. शेजारी बसलेल्या सफाळ्याच्या ताई म्हणाल्या, "ह्यांचं स्टेशन जवळच आहे. पण पुलावरून चालत जायला लागतं." पूल म्हणजे रेल्वेचा पूल. वाढीवची माणसं वर्षानुवर्षं त्या पुलावरून जीव मुठीत धरून स्टेशन गाठत आली आहेत.

माझ्या डोक्यात लगेच शीट उघडली. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ११.२.१ नावाची मोजपट्टी आहे. तिचा मुख्य प्रश्न : किती लोकांना सार्वजनिक वाहतूक सोयीची आहे? सोयीची म्हणजे बस स्टॉप ५०० मीटरच्या आत किंवा रेल्वे स्टेशन १ किलोमीटरच्या आत. नकाशावर गोल काढायचे आणि आतली माणसं मोजायची. मधे पाणी आहे का, पूल चालण्यासाठी आहे का, हे गोलाला कळत नाही. ते कळायला कोणीतरी चालून बघावं लागतं.

शेवटचे साडेचार किलोमीटर

डहाणू रोडला उतरले तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. नरपड इथून चार-साडेचार किलोमीटर. पारनाक्यावरून समुद्राच्या कडेने बोर्डीकडे जो रस्ता जातो, त्यावर आगर आणि मग नरपड. दिवसा शेअर रिक्षा मिळतात, एसटीही आहे. रात्री? शेअर रिक्षा गेलेल्या. उभी होती ती एकच, तीही 'स्पेशल'. भाव ऐकून मी हसले. अंधेरीहून इथपर्यंत जेवढे पैसे गेले, त्याच्या कितीतरी पट पैसे उरलेल्या साडेचार किलोमीटरला!

दिले. काय करणार? माझ्याकडे होते.

ज्या काकूंच्या घरी राहायचं होतं, त्या अंगणात वाट बघत उभ्याच होत्या. "एवढ्या रात्री एकटी आलीस? अगं फोन करायचा, ह्यांना पाठवलं असतं स्कूटर घेऊन. आमच्या धाकटीला आणायला जातातच." तांदळाची गरम भाकरी, बोंबलाचं कालवण आणि वर वाडीतले चिकू. या भागातल्या चिकूला २०१६ मध्ये 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालंय. एक खाल्ला की कळतं, का ते.

धाकटी घरी आली तेव्हा दहा वाजून गेले होते. वय चोवीस. बोरिवलीत एका खासगी ऑफिसात अकाउंट्सला. ऑफिसातली मीटिंग लांबली, नेहमीची गाडी चुकली आणि पुढची तासाभराने. हात-पाय धुऊन ती जेवायला बसली आणि मला म्हणाली, "तुम्ही ट्रेनवाल्या ना? मग मला एक सांगा. तुमच्याकडे गाडी चुकली तर किती वेळ जातो?"

मी म्हटलं, "चार मिनिटं."

ती फक्त हसली.

धुराड्याची सावली

शनिवारी नरपडचा किनारा बघितला आणि सगळं विसरले. हा काही पोस्टकार्डवरचा पांढऱ्या वाळूचा बीच नाही. काळसर, घट्ट वाळू. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की वाटतं, कोणीतरी पाणी गुंडाळून नेलं. मागे सुरूची रांग, तिचा तो न थांबणारा सूं सूं आवाज, आणि त्याच्याही मागे चिकूच्या वाड्या. शॅक नाही, डीजे नाही. दोन पोरं क्रिकेट खेळत होती आणि त्यांचा कुत्रा फील्डिंग करत होता. सही!

गँग दुपारी आली. चारोटी नाक्याला वळून, वाटेत दोनदा जाममध्ये अडकून. आमच्यातला इंजिनीयर वाळूत बसून विचारायला लागला, "बरं, तुझ्या हिशेबाने आम्ही किती पाप केलं?" मी हिशेब मांडला. सव्वाशे किलोमीटर, लिटरला पंधराचं ॲव्हरेज, म्हणजे आठ-सव्वाआठ लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एकोणीस किलो, फक्त येतानाचा. "तिघांत वाटला की सहा-सव्वासहा किलो. तेवढं वाईट नाही," तो म्हणाला. खरंय. भरलेली कार तेवढी वाईट नसते. पण ऑफिसला जाताना ती भरलेली कधी असते?

मग त्याने दक्षिणेकडे बोट दाखवलं. "आणि ते?"

लांब, खाडीच्या बाजूला, डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राचं धुराडं. पाचशे मेगावॉट. १९९५ पासून इथे कोळसा जळतो आणि वीज जाते मुंबईच्या उपनगरांकडे. त्याच्याही आधी, २० जून १९९१ ला, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. सगळ्या तालुक्यात मिळून उद्योगांना ५०० एकरांपेक्षा जास्त जमीन द्यायची नाही, असा नियम घातला. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या आदेशानंतर निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण आलं. धूर धुऊन काढणारी गंधकविरोधी यंत्रणा केंद्राला बसवावी लागली, ती या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळे, २००७ मध्ये.

'सुटी'त दहा ओळी आहेत. नववी हवेची आणि दहावी वाहतुकीतून निघणाऱ्या कार्बनची. शहराने विजेवरच्या बस आणल्या की शहराची हवा सुधारते, आणि सुधारायलाच हवी. पण वीज कुठेतरी तयार होते. ग्रीडमध्ये सगळी वीज एकत्र होते, त्यामुळे कुठला युनिट कुठे गेला हे कोणी सांगू शकत नाही. पण किनाऱ्यावर उभं राहिलं की एवढं दिसतं, की शहराच्या रकान्यातून गेलेला धूर कोणाच्या तरी अंगणात असतो. नरपड माझ्या स्टडी एरियाच्या बाहेर होतं. धुराडं मात्र नरपडच्या एरियात होतं.

त्याच दिशेला, डहाणूच्या खाली, वाढवण. तिथल्या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केलाय. उद्या कंटेनर येतील, त्यांच्यासाठी रस्ते येतील, रूळ येतील. कंटेनरला घर गाठायची घाई नसते, एवढंच मनात आलं.

एक चांगली गोष्ट, एक वाईट

रात्री अंगणात मी धाकटीला शीट दाखवली. तिनेच मागितली. अकाउंट्सवाली ना! मी एकेक ओळ वाचत गेले. नियोजनात सार्वजनिक वाहतुकीला आणि चालण्याला किती जागा आहे. किती लोक कामाला बस-ट्रेनने, चालत किंवा सायकलने जातात. सोयीचं अंतर. दर्जा आणि भरवसा. अपघातात किती जीव जातात. उत्पन्नाचा किती वाटा प्रवासात जातो. चालवायचा खर्च किती निघतो. गुंतवणूक किती होते. मग हवा आणि कार्बन.

"मुंबई पास होईल ना?" तिने विचारलं.

काही ओळींत तर मेरिटमध्ये! कोविडच्या आधी लोकलने रोज पाऊण कोटीच्या आसपास लोक प्रवास करायचे. जगातल्या कितीतरी श्रीमंत शहरांना हे जमत नाही. पण रेल्वेच्याच भाषेत एक शब्द आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी. आणि २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षांत लोकलच्या जाळ्यावर दोन हजारांहून जास्त माणसं मेली. एका ओळीतलं मेरिट दुसऱ्या ओळीत नापास होतं.

'सुटी'ची मला आवडणारी गोष्ट नेमकी इथे आहे. ती दहा आकड्यांची बेरीज करून भागाकार करत नाही. गुणाकार करून मूळ काढते, शाळेतला भूमितीय मध्य. समजा दोनच ओळी आहेत. एकीत १०० गुण आणि दुसरीत १. साधी सरासरी काढली तर साडेपन्नास, चक्क पास. भूमितीय मध्य काढला तर फक्त १०. म्हणजे एक ओळ तळाला गेली की ती बाकीच्यांना खाली ओढते. चांगल्याच्या मागे वाईट लपत नाही.

धाकटीने दोन मिनिटं विचार केला. "पण ती ओळ असली पाहिजे ना शीटमध्ये."

मी गप्प. मेल आठवला. डिलीट.

मग तिनेच मोबाइलवर तिचा हिशेब मांडला. बोरिवली ते डहाणू साधारण ९० किलोमीटर, महिन्याचा पास. आणि घर ते स्टेशन साडेचार. पहाटे शेअर रिक्षा नाही, एसटी नाही, म्हणून बाबा स्कूटरवर सोडतात आणि परत येतात. रात्री आणायला येतात आणि परत. दिवसाच्या चार फेऱ्या, अठरा किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेचारशे किलोमीटर. दहा लिटर पेट्रोल. हजारावर रुपये. "नव्वद किलोमीटरच्या पासापेक्षा साडेचार किलोमीटर महाग आहेत," ती म्हणाली. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. "पण अर्धं तिकीट काढायला बस तर पाहिजे ना त्या वेळेला!"

आणि बाबा मच्छीमार. भरती-ओहोटी बघून बोटीवर जायचं. ज्या दिवशी ते समुद्रावर, त्या दिवशी धाकटीला शेजारच्या दादाला आदल्या रात्रीच सांगून ठेवावं लागतं. म्हणजे माझ्या शीटमधल्या 'भरवसा' या ओळीत नरपडचा आकडा चंद्राच्या कलेप्रमाणे बदलतो!

हे सगळं ती हसत हसत सांगत होती. काकू मात्र आत भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून विरारला राहणार आहे ती. पीजी बघितलाय. तिघी जणी मिळून."

धाकटीचं हसणं थांबलं. "आई, अजून पैसे भरले नाहीत."

सोमवार, पहाटेचे पावणेपाच

गँग रविवारी संध्याकाळी परतली. कारमध्ये एक सीट रिकामी होती, माझ्यासाठीच ठेवलेली. मी नाही गेले. ही पहाट एकदा बघायचीच होती.

बाबा बोटीवर होते. शेजारचा दादा स्कूटर घेऊन आला, आधी मला सोडलं, मग परत जाऊन तिला आणलं. दोन माणसं स्टेशनवर पोचवायला त्या बिचाऱ्याच्या चार फेऱ्या. पारनाक्यावर सगळं सामसूम. स्टेशनवर मात्र जत्रा! भाजीच्या टोपल्या, चिकूच्या करंड्या, कॉलेजची पोरं, बोईसरचे कामगार, आणि डोळे चोळत उभ्या असलेल्या कितीतरी धाकट्या. कोणाच्या मागे बाबा, कोणाच्या मागे भाऊ, स्कूटर वळवून घराकडे निघालेले. एवढी सगळी वाहतूक, आणि ती कुठल्याच शीटमध्ये नाही.

गाडीत तिला खिडकी मिळाली. वाणगाव येईपर्यंत ती झोपली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून, अगदी हक्काने. बोरिवलीला मी तिला हलवून उठवलं. उतरताना म्हणाली, "पीजीचं मी ह्या शनिवारी सांगते म्हटलंय. आईला बोलू नका काही." आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

जिच्यामागे दर किलोमीटर सगळ्यात कमी कार्बन निघतो, अशा गाडीने ती प्रवास करते. रोज १८० किलोमीटर. शाश्वत वाहतुकीचं पोस्टर छापायचं तर तिचाच फोटो छापावा. पण तिलाच हे झेपत नाही, आणि ती घर सोडायला निघाली आहे. ट्रेनचं काही चुकलं म्हणून नव्हे. शेवटच्या साडेचार किलोमीटरचं आणि चुकलेल्या एका गाडीचं कोणी काही मोजलं नाही म्हणून.

अकराला मी शीट दिली. ओळ डिलीट केली नव्हती. उलट तिच्यापुढे दोन रकाने वाढवले होते. पहिला : एक गाडी चुकली, तर घरी पोचायला किती उशीर? दुसरा : पहिल्या गाडीच्या आधी आणि शेवटच्या गाडीच्या नंतर स्टेशन ते घर काय मिळतं? दोन्ही रकान्यांत अंधेरी, बोरिवली, विरार आणि डहाणू रोड. आणि डहाणू रोडच्या खाली, थोडं आत सरकवून, नरपड.

सरांनी बघितलं. चष्मा काढला. म्हणाले, "स्टडी एरियाच्या बाहेर आहे हे." मी म्हटलं, "सर, रोज आत येतंय ते."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परिशिष्टात टाक."

परिशिष्ट कोण वाचतं, तुम्हालाही माहितीये. पण टाकलं. आता ते पान क्रमांक ४१ वर आहे. आणि शनिवारी धाकटीला फोन करायचाय.

जायचंय?

कसं जाल : चर्चगेटहून डहाणू रोड लोकलने अडीच ते तीन तास. गाड्या मोजक्याच आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. कारने जायचं तर मुंबई-अहमदाबाद हायवेवर चारोटीहून डावीकडे. पण चौघं असाल तरच!

स्टेशनपासून : दिवसा शेअर रिक्षा आणि बोर्डीच्या बाजूची एसटी. रात्री पोचणार असाल तर घरमालकांना आधी फोन करा.

कधी : हिवाळ्यात. हवा छान आणि चिकूही.

काय कराल : काही नाही. ओहोटीला लांबपर्यंत चाला. जमलं तर एक दिवस पहाटे पावणेपाचला स्टेशनवर जाऊन या.